मदत हवी आहे: तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायची आहे, पण पुढचा सीटी मी आधीच पाहिलाय

नमस्कार मंडळी,

मी रेडिओलॉजिस्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी १७ वर्षं स्वतःचं सेंटर चालवते. कोर्टाची पायरी आजवर चढलेले नाही. इथे वकील आहेत, डॉक्टर आहेत, हॉस्पिटलशी झगडून दमलेली माणसंही आहेत, म्हणून विचारते.

गेल्या महिन्यात एक मुलगा वकिलांची चिठ्ठी घेऊन आला. त्याच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात झालं होतं. ऑपरेशनआधी नेहमीसारखा छातीचा एक्स-रे काढला, रिपोर्ट 'नॉर्मल' आला. तेरा महिन्यांनी खोकला थांबेना म्हणून सीटी केला, तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात साडेचार सेंटिमीटरची गाठ. कॅन्सर. बाई गेल्या. मुलाने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे आणि वकील म्हणतात, रेडिओलॉजिस्टचं प्रतिज्ञापत्र नसेल तर ती टिकणार नाही.

त्याने टेबलावर आधी सीटी ठेवला, मग जुना एक्स-रे. फिल्म व्ह्यू बॉक्सला लावली आणि ती जागा मला लगेच दिसली. क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, पहिल्या बरगडीवरून जातं तिथे दीड सेंटिमीटरचा धूसर ठिपका. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. "दिसतंय ना मॅडम?" मी "हो" म्हणाले.

ते "हो" तेव्हापासून मला टोचतंय. दिसलं हे खरं, पण कुठे बघायचं ते मला माहीत होतं! ज्याने रिपोर्ट लिहिला त्याच्यासमोर त्या दिवशी सत्तर-ऐंशी एक्स-रे असतील, फॉर्मवर 'ऑपरेशनपूर्व तपासणी' एवढंच लिहिलेलं असेल, आणि ही जागा तर आमच्या विषयात फसवी म्हणूनच शिकवतात. हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात आणि गाठ त्यांत मिसळून जाते.

मेयो क्लिनिकने १९७०च्या दशकात फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मोठा तपासणी प्रकल्प केला होता. सराईत डॉक्टर, ठरावीक महिन्यांनी एक्स-रे, शोधायचा तो कॅन्सरच. तरीही फुप्फुसाच्या कडेकडच्या ज्या गाठी सापडल्या, त्यांतल्या सुमारे ९० टक्के मागे वळून पाहिल्यावर आधीच्या फिल्मवरही दिसल्या. २०१३ साली अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी बघायला दिले होते. चित्रात गोरिला घातलेला, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा. २० जणांना तो दिसला नाही. हे मी त्या रेडिओलॉजिस्टचा बचाव म्हणून सांगत नाही. 'आता दिसतंय' आणि 'तेव्हा दिसायला हवं होतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि शपथेवर मला दुसरं वाक्य खरं की खोटं ते सांगायचं आहे. इंग्लंडमधल्या १९५७च्या बोलम खटल्यातून आलेली आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात स्वीकारलेली कसोटीही तीच ना? त्याच विषयातल्या सर्वसाधारण, काळजीपूर्वक काम करणाऱ्या डॉक्टरने काय केलं असतं?

मला सुचलेला उपाय असा. तो एक्स-रे, नाव-तारीख झाकून, इतर तीस-चाळीस एक्स-रेंमध्ये मिसळायचा आणि ज्यांना प्रकरण ठाऊक नाही अशा तीन-चार जणांना रिपोर्ट करायला द्यायचा. त्यांना दिसलं तर माझ्या मताला आधार. नाही दिसलं तर तेही लिहायचं. हे आयोगापुढे चालतं का? मी सीटी आधी पाहिला होता हे लिहिणारच आहे, पण त्यामुळे माझं मत बाद धरतात का? उलटतपासणी कशी होते? आणि फी घेतली की 'विकत घेतलेला साक्षीदार' म्हणतात, हे खरं आहे का?

एका ज्येष्ठ सरांचा फोनही येऊन गेला. "आपल्याच माणसाविरुद्ध कशाला?" मला ते पटत नाही. मी मागे सरले तर त्या मुलाकडे नीट बघणारं कोण उरतं?

प्रतिसाद १ (ग्राहक आयोगात वकिली)

मॅडम, आयोगाचं काम मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवर चालतं. उलटतपासणी बहुतेक वेळा लेखी प्रश्नावलीने होते. २००२च्या जे. जे. मर्चंट निकालात सुप्रीम कोर्टाने तो मार्ग सांगितला आहे. २०१०च्या व्ही. किशन राव निकालाप्रमाणे प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही, पण फिल्म वाचण्याचा प्रश्न तज्ज्ञाशिवाय सुटणारा नाही. नुसतं 'माझं मत असं' लिहू नका. मत कशावरून झालं, काय काय पाहिलं, कोणत्या क्रमाने पाहिलं, सगळं मांडा. रमेशचंद्र अग्रवाल प्रकरणात २००९ साली कोर्टाने हेच म्हटलंय. सीटी आधी पाहिल्याचं तुम्हीच लिहिलंत तर बाद होत नाही. लपवलंत आणि प्रश्नावलीत निघालं, तर संपलं.

सहकाऱ्यांची मतं तुमच्या प्रतिज्ञापत्रात आली तर ती ऐकीव ठरतील. त्यापेक्षा तक्रारदाराच्या वकिलांना अर्ज करायला सांगा: एक्स-रे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रेडिओलॉजी विभागाकडे पाठवावा, सोबत सीटी किंवा तक्रारीची प्रत न जोडता. हे वाक्य अर्जात हवंच, नाहीतर अख्खी फाईल जाते. फी घ्या, पावती द्या. निकालावर अवलंबून फी मात्र कधीही नको.

प्रतिसाद २ (मीही रेडिओलॉजिस्ट)

फिल्मवर मत देऊ नका. मूळ डायकॉम फाईल, म्हणजे एक्स-रेची मूळ डिजिटल प्रत, मागवा. त्या डॉक्टरने मॉनिटरवर पाहिलं असेल, तर तुम्हीही तसंच पाहायला हवं. पेशंट ॲडमिट होती, म्हणजे मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. मुलाला लेखी अर्ज करून पोच घ्यायला सांगा, आजच. एक्स-रेचा मूळ मागणीफॉर्मही मागवा.

दुसरं, गाठ सुटली का, आणि सुटल्यामुळे बाईंचं आयुष्य कमी झालं का, हे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, ते कॅन्सरच्या डॉक्टरांचं काम. चांगले साक्षीदार इथेच घसरलेले पाहिलेत.

प्रतिसाद ३

ताई, आमच्या वडिलांच्या वेळी चार डॉक्टरांनी फिल्म पाहिली. चौघंही म्हणाले, दिसतंय. सहीला एकही तयार झाला नाही. तुम्ही 'तेव्हा दिसायलाच हवं होतं असं नाही' असं लिहून सही केली असती, तरी आईला आम्ही काहीतरी सांगू शकलो असतो.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. प्रतिसाद ३, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

आज मुलाला फोन केला. डायकॉमचा अर्ज, मागणीफॉर्म, सरकारी कॉलेजकडे सीटीशिवाय एक्स-रे पाठवायचा मुद्दा, सगळं वकिलांना कळवायला सांगितलं. माझं मत तुझ्या विरुद्धही जाऊ शकतं, आणि गेलं तरी ते मी तसंच लिहीन, हेही सांगितलं. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "चालेल मॅडम. तुम्ही बघा." हॉस्पिटलने सीडी दिली की येतोय. तोवर सीटीची पाकिटं त्याला परत नेऊन वकिलांकडे ठेवायला सांगितली आहेत.

त्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.