भाताला पाणी आवडतं की नुसतं चालतं?
कुणीतरी म्हटलंय की खाचरात कायम पाणी तुंबलेलं नसेल तर भात पिकतच नाही. थोडी दुरुस्ती करतो. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून तो साचलेल्या पाण्यात तग धरतो. पण पाणी साठवण्याचा मोठा फायदा म्हणजे तण दबतं; भाताला स्वतःला ते कायम तुंबलेलं लागतंच असं नाही.

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रचारात आणलेली आलटून-पालटून ओलिताची पद्धत (खाचर पाण्याने भरायचं, मग सुकू द्यायचं, पुन्हा भरायचं) यावरच बेतलेली आहे. साधन अगदी साधं. फूटभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप घ्यायचा, खालच्या भागाला भोकं पाडायची, तो भाग जमिनीत गाडायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाइपातलं पाणी जमिनीखाली 15 सेंमीपर्यंत उतरलं की पुन्हा 5 सेंमी पाणी भरायचं. वरची माती भेगाळलेली दिसते, जीव कासावीस होतो, पण मुळांना खाली ओल मिळत असते! शिवाय मिथेन वायूही बराच कमी निघतो, कारण तो तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा सोसत नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. लावणीनंतर रोपं रुजेपर्यंत आणि फुलोऱ्याच्या आगेमागे आठवडाभर पाणी तोडू नका; फुलोऱ्यात पाणी तुटलं तर पळींज (पोकळ दाणे) वाढतं. आणि तण डोकं वर काढणारच, तेव्हा कोळप्याची तयारी आधीच ठेवा. पाणी वाचलं म्हणून खूश होऊन निंदणीत हात आखडला, तर सगळंच मुसळ केरात.