पंपाची फिटिंग येते म्हणून सर्किट येतं का? (चर्चा)

टोकाचा_खांब (धागा सुरू करणारा)

मी दारव्हा-दिग्रस पट्ट्यातला, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर फर्स्ट इयरच्या पोरांना बेसिक इलेक्ट्रिकल समजावून देतो. माझं म्हणणं आधी सांगतो, शिव्या नंतर घाला. ज्या पोराने घरचा स्टार्टर उघडलाय, वाइंडिंगच्या दुकानात हाताखाली काम केलंय, त्याला सर्किट अ‍ॅनालिसिस शिकवणं जास्त जड जातं. सगळे म्हणतात, "याला तर आधीच येतं." मला उलटं दिसतं. त्याला जे येतं तेच पहिले दोन महिने आडवं येतं.

दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा आणि विचारा, करंट पहिल्यातून जास्त की दुसऱ्यातून? तो छातीठोक सांगतो, पहिल्यातून. कारण लाइनच्या टोकाच्या शेतात मोटर दम धरत नाही हे त्याने लहानपणापासून पाहिलंय, म्हणजे करंट वाटेत संपतो असं डोक्यात पक्कं. टोकाला घटतं ते व्होल्टेज. सिरीजमधला करंट या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढाच. हे एक वाक्य गळी उतरवायला शहरातल्या पोराला पाच मिनिटं लागतात, याला आठवडा.

दुसरं, "करंट सोप्या वाटेनं जातो." दहा ओहम आणि नव्वद ओहम पॅरलल दिले की सगळा करंट दहामधून काढून मोकळा. अरे, नऊ भाग इकडून आणि एक भाग तिकडून जातोच ना!

तिसरं सगळ्यात चिवट. गणितात करंटची दिशा आपण मनाने धरायची असते. उत्तर उणे आलं तर खरी दिशा उलटी, बस. पण फेजकडून येतो आणि न्यूट्रलकडे जातो हे ज्याच्या हातात बसलंय त्याला उणे उत्तर आलं की वाटतं गणित चुकलं. खोडून परत मांडतो. परीक्षेत निम्मा वेळ त्यातच.

म्हणून माझं मत: सुरुवातीला पंप, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर), मीटर सगळं बाजूला ठेवा. कागद, आदर्श सोर्स, रेझिस्टन्स. केसीएल (किर्खहॉफचा नियम: जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच जातो) पक्कं करा, त्यावर नोडल, म्हणजे प्रत्येक नोडचं, तारांच्या जोडाचं, समीकरण. एक नोड जमीन धरला की उरलेल्या नोडांची व्होल्टेजं एवढेच अज्ञात. मेश (बंद वळशांची समीकरणं) नंतर, थेवेनिन-नॉर्टन-सुपरपोझिशन ही थिअरम सगळ्यात शेवटी. थिअरम आधी पाठ केलेली पोरं प्रश्न पाहून "हा कोणत्या थिअरमचा?" एवढंच शोधत बसतात.

डीपीवाला_भाऊ

भाऊ, तू लय शिकला, पण बोलणं उफराटं हाये तुयं. मी आयटीआय वायरमन. वीस गावांत फिरतो. काल-परवाच एका घरी मिक्सर, टीव्ही, फ्रिजचं स्टॅबिलायझर एका दमात जळालं, बाजूच्या घरचे लाईट मात्र डिम. मी खांबाखाली उभा राहून सांगतलं, न्यूट्रल तुटला हाये. ना कागद, ना केसीएल. तुया हॉस्टेलचा पोट्टा तिथं आणला असता तर वही काढून बसला असता.

ज्याले हात लावता येते त्यालेच डोकं चालवता येते. तू त्याचा हातच कापून टाकून रायला.

सोर्स_ट्रान्सफॉर्मेशन

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय, म्हणून दोन्हीकडचं पाहिलंय. खरी गोष्ट अशी की परीक्षेत ना डीपी विचारतात ना समज विचारतात. तीन मेशचं सर्किट येतं, तीन समीकरणं मांडायची, कॅल्क्युलेटरच्या इक्वेशन मोडमध्ये टाकायची, मार्क घ्यायचे. बाकी चर्चा छान आहे.

टोकाचा_खांब

@डीपीवाला_भाऊ, तुमचं निदान बरोबर होतं, त्यात वाद नाही. पण कोणत्या घरात जळणार आणि किती व्होल्टेज गेलं असेल, हे सांगाल?

तीन फेजची नावं आर, वाय, बी. समजा एक घर आर फेजवर, दुसरं वाय फेजवर. दोघांचा न्यूट्रल खांबावर एक होतो आणि तिथून मागे डीपीकडे तुटला. आता दोन्ही घरं दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टवर एकामागोमाग एक जोडली गेली. पहिल्याचा लोड १०० ओहम (म्हणजे साधारण पाचशे वॅट), दुसऱ्याचा ४०० ओहम. करंट ४१५ भागिले ५००, म्हणजे ०.८३ अँपिअर. पहिल्याला मिळतात ८३ व्होल्ट, दुसऱ्याला ३३२. ज्याच्याकडे जास्त उपकरणं चालू त्याचे दिवे मंद, ज्याच्याकडे एक टीव्ही आणि एक बल्ब त्याचा टीव्ही गेला. हे कागदावर मांडलं की दोन ओळी.

डीपीवाला_भाऊ

थे मले माहीत हाये ना! कमी लोडवाल्याचंच जळते. गावात सगळ्याइले माहीत हाये, गरिबाचाच टीव्ही जळते म्हणून. तू दोन ओळींत थेच सांगतलं.

नोड_नंबर_शून्य

फर्स्ट इयर, मुलगी, वरुडकडची. एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते.

"शेतातला अनुभव" म्हणजे कोणाचा अनुभव? आमच्या घरी संत्र्याची बाग आहे, बोअरवर पाच एचपीची मोटर आहे. थ्री फेज रात्री आली की भाऊ टॉर्च घेऊन जातो. मला स्टार्टरच्या पेटीजवळ कधी जाऊ दिलं नाही. "शॉक लागंल, तू घरात जा." त्यामुळे वर्गात सर म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे, मोटर सुरू होताना लाईट कसे डिम होतात," तेव्हा मुलं माना हलवतात. मी डिम झालेले लाईट पाहिलेत, पण स्वयंपाकघरातून.

म्हणून मला कागदावरचं सर्किट बरं वाटतं. तिथे पाच ओहम सगळ्यांना सारखाच. टोकाचा_खांब दादाचं कारण मला पटत नाही, पोरांचं डोकं बिघडलेलं असतं वगैरे. पण निष्कर्ष पटतो. पंपापासून सुरुवात केली तर निम्मा वर्ग दोन पावलं पुढे आणि निम्मा दोन पावलं मागे.

सेवानिवृत्त_प्रयोगशाळा

अनेक वर्षं शिकवलं, आता अमरावतीत घरी. या मुलीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्यांना पेटी उघडू दिली नाही त्यांच्यासाठी पेटी उघडायची जागा म्हणजे प्रयोगशाळा. अनुभव विषम आहे, तर तो सगळ्यांना द्या. सगळ्यांकडून काढून घेऊन समता आणायची ही कुठली रीत?

मात्र २३० व्होल्टवर नको. नऊ व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड, एक किलोओहमचे चार रेझिस्टन्स, एक मल्टिमीटर. दोन शाखांचे करंट मोजा, बेरीज तिसऱ्याएवढी येते का पाहा. मीटरच्या तारा उलट लावा, आकडा उणे येईल. उणे चिन्हाची भीती तिथल्या तिथे जाते, आठवडा लागत नाही. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांनी फॉल्स्टॅडचं सर्किट सिम्युलेटर ब्राउझरमध्ये उघडावं. तारेतून सरकणारे ठिपके बघितले की सिरीजमध्ये करंट संपत नाही हे डोळ्यांना कळतं.

आणि थिअरम शेवटी ठेवा म्हणणाऱ्यांसाठी: किर्खहॉफने हे नियम मांडले १८४५ मध्ये, तो स्वतः तेव्हा कोनिग्सबर्गला विद्यार्थी होता. पुढचं, म्हणजे दोन टोकांमागचं सगळं सर्किट एक सोर्स आणि एक रेझिस्टन्स धरायचं, हे आपण थेवेनिनच्या नावाने शिकतो. थेवेनिन फ्रान्सच्या तार खात्यातला इंजिनिअर, त्याने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध केलं. पण तीस वर्षं आधी, १८५३ मध्ये, हेल्महोल्ट्झने तेच मांडलं होतं आणि त्याच्यासमोर प्रश्न होता प्राण्यांच्या शरीरातल्या विजेच्या प्रयोगांचा. आत काय काय आहे ते माहीत नाही, बाहेर दोनच टोकं हाताशी, अशा अडचणीत हा विचार सुचला. त्याला पाठ्यपुस्तकाच्या टोकाला नेऊन ठेवलं की तो नुसता मार्कांचा प्रश्न उरतो.

टोकाच्या शेतातला बोर्ड घ्या. काही न लावता मीटरवर २३० व्होल्ट. दहा अँपिअरचा लोड लावला की २१० उरले. वीस व्होल्ट भागिले दहा, म्हणजे मागचं सगळं मिळून सुमारे दोन ओहम: डीपी, अ‍ॅल्युमिनियमची तार, गंजलेले जॉइंट, सगळं. हाच थेवेनिन. (एसी असल्याने खरं तर इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, पण पहिल्या आठवड्यात एवढं चालतं.) आता पुढे जा. तिथेच शॉर्ट झाला तर करंट फार तर ११५ अँपिअर. डीपीच्या किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खोक्यात) कोणी फ्यूजऐवजी जाड तार पिळलेली असेल, तर ती वितळायला वेळ लागेल आणि तोवर शेतातली वायर पेटेल. हे कळायला खांबावर चढावं लागत नाही, पण खांब माहीत असावा लागतो.

टोकाचा_खांब

सर, उदाहरण सुंदर आहे, पण ते तुम्ही रचलंत. पोरगा स्वतः रचू शकत नाही तोवर ती गोष्टच राहते. आणि शेताच्या उदाहरणातली फसगत बघा. पोरांना मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर (लोड मागच्या रेझिस्टन्सएवढा असला की त्याला सर्वात जास्त पॉवर) शिकवलं की तेच दोन ओहम धरून विचारतात, "मग दोन ओहमचा लोड लावला की मोटरला जास्तीत जास्त पॉवर मिळेल ना?" मिळेल, पण टोकाला व्होल्टेज निम्मं, ११५, आणि जेवढी पॉवर मोटरला तेवढीच तारेत जळून जाणार. हा थिअरम अँटेना-अँप्लिफायरकडे कामाचा, वीजवाहिनीकडे नाही. शेतातून सुरुवात केली की असे फाटे फुटतात.

डीपीवाला_भाऊ

फाटे फुटू दे ना. थेच तर शिकणं. तू पोट्ट्याइले सरळ रस्त्यानं नेऊन परीक्षेच्या दारात सोडून देतं.

बरं, मले एक सांग. तुटलेल्या तारेवर डिजिटल मीटर लावला तर दीड-दोनशे व्होल्ट दाखवते. टेस्ट लॅम्प लावला तर लॅम्प लागतच नाई. नवे पोट्टे मीटर पाहून म्हणते, सप्लाय हाये. आम्ही लॅम्प पाहून म्हणतो, नाई. तुया नोडलमधी कोण खरं?

नोड_नंबर_शून्य

हे मी सांगू का? कालच मीटरच्या इनपुट रेझिस्टन्सचा प्रश्न सोडवला.

दोघंही खरं सांगतात. तुटलेली तार चालू फेजच्या शेजारून जाते, दोन्हींमध्ये थोडी कपॅसिटन्स असते, तिच्यातून एसीचा किंचित करंट तारा न जोडताही पलीकडे जातो. म्हणजे फेज आणि तुटलेली तार यांच्यामध्ये काही मेगओहमचा इम्पीडन्स. चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स दहा मेगओहमच्या आसपास. त्यामुळे व्होल्टेजचा मोठा वाटा मीटरवर येतो. साठ वॅटचा बल्ब पेटलेला असताना नऊशे ओहमसुद्धा नसतो, थंड असताना तर कितीतरी कमी. त्याच्या वाट्याला जवळपास शून्य. सरांच्या भाषेत, थेवेनिन व्होल्टेज आहे, पण थेवेनिन रेझिस्टन्स इतका मोठा की काम होत नाही.

आणि दादा, मी हे कागदावर सोडवलं, तारेला हात न लावता.

सोर्स_ट्रान्सफॉर्मेशन

हा प्रश्न आमच्या पेपरात आला असता तर विषय आवडला असता. आमच्याकडे चार सोर्सचं सुपरपोझिशन (एकेक सोर्सचं उत्तर काढून बेरीज) येतं, कुठेच न सापडणारं सर्किट. त्यात पोरं पॉवरसुद्धा सुपरपोज करतात. एक ओहममध्ये दोन अँपिअर आणि तीन अँपिअर वेगवेगळे: चार आणि नऊ, तेरा वॅट. खरे पंचवीस, कारण मिळून करंट पाच.

टोकाचा_खांब

@डीपीवाला_भाऊ, आता तीन घरं घ्या, तिन्ही फेजवर एकेक, आणि न्यूट्रल तुटलेला. आरवर १०० ओहम, वाय आणि बीवर चारशे-चारशे. फेजला २४० व्होल्ट. इथे "कमी लोडवाल्याचं जळतं" एवढ्याने भागत नाही. तुटलेल्या न्यूट्रलच्या जागी एकच नोड, एकच समीकरण. तो नोड सरकून आर फेजच्या बरोबर अर्ध्यावर, १२० व्होल्टवर जातो. आरच्या घरात उरले १२०, बाकी दोघांकडे ३१७.

आता आरवाल्याने दिवे मंद दिसले म्हणून थंडीचा हीटर लावला, लोड ५० ओहम झाला. त्याच्याकडे आणखी पडून ७२ व्होल्ट, बाकी दोघांकडे ३५५. हीटर लावला एकाने, टीव्ही गेला दुसऱ्यांचा. हे अनुभवातून शोधायला किती टीव्ही जाळणार?

डीपीवाला_भाऊ

एकही नाई. म्हणून मी फोनवरच सांगतो, लाईट डिम-फुल व्हायले लागले की आधी सगळ्याइनं मेन पाडा. मग पाहू कोणाचं काय.

पण हीटरचं गणित भारी हाये, खोटं काहून बोलू. लोकं नेमकं थेच करते, डिम झालं की आणखी काहीतरी चालू करून पाहते. हे तीन घरांचं तुमच्या परीक्षेत येते का?

टोकाचा_खांब

पहिल्या वर्षी नाही. थ्री फेज येतं, पण तिन्ही फेजवर सारखाच लोड धरून. मग न्यूट्रलमधून करंटच जात नाही, तुटला काय आणि राहिला काय.

डीपीवाला_भाऊ

सारखा लोड! एवढे खांब चढलो, असा डीपी मले अजून दिसला नाई.

सेवानिवृत्त_प्रयोगशाळा

म्हणून म्हणतो, पहिल्याच आठवड्यात. @नोड_नंबर_शून्य, तुझ्या बॅचला नऊ व्होल्टचे सेट हवे असतील तर माझ्याकडे खोकं भरून पडलेत. रेझिस्टन्सचे रंग थोडे उडालेत, मोजून घ्यावे लागतील.

नोड_नंबर_शून्य

हवेत सर. पण आधी कागदावर सोडवू, मग जोडू. याच क्रमाने.