मावशीची नजर अधू होत चालली आहे. संवाद कसा टिकवावा?

प्रश्न : माझी मावशी जन्मापासून कर्णबधिर आहे आणि आम्ही सगळे तिच्याशी खुणांच्या भाषेत बोलतो, परंतु अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजारामुळे तिची नजर आता बोगद्यातून पाहावे तशी अरुंद झाली असून माझे हात जरा बाजूला गेले की तिला दिसत नाहीत. पुढे काय करावे?

प्रतिसाद : खुणा सोडू नका, फक्त त्या चेहऱ्याजवळ, लहान चौकटीत आणि सावकाश करा, गडद, एकरंगी कपडे घाला आणि उजेड तिच्या डोळ्यांवर न येता तुमच्या हातांवर पडेल असे बसा. थोडी दृष्टी शिल्लक असतानाच स्पर्शाच्या खुणांची सवय लावावी, असे मला मनापासून वाटते. त्यात तिने आपले हात तुमच्या हातांवर हलके ठेवायचे असतात. तुम्ही तिचे हात धरून हलवायचे नसतात.

प्रतिसाद : मी स्वतः बधिरांध आहे. मला ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचता येणाऱ्या उठावदार ठिपक्यांत दाखवणारे उपकरण, फार उपयोगी पडतो, पण त्याहून मोलाची आहे ती माणसांची रीत. कोणी खांद्याला हलकेच स्पर्श करून आपली ठरलेली खूण तळहातावर दिली की मी निश्चिंत होतो. न सांगता निघून गेले, तर मी रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

प्रश्नकर्ता : आम्ही कित्येकदा असेच उठून जातो. आजच तिच्याबरोबर बसून घरातल्या प्रत्येकाची खूण ठरवतो.