आयुष्यभर वावरात राबलेल्या बायकांच्या हाती म्हातारपणी काय राहतं? आपापल्या घरचं लिहा

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते, दारव्हा तालुक्यात. आईला गुडघ्याचं औषध आणायचं होतं, त्याचे ऐंशी रुपये मागायला ती भावाच्या खोलीच्या दाराशी उभी होती, तो फोनवर बोलत होता आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ही तशीच, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. वय ७१. चाळीस वर्षं त्याच वावरात निंदण केलं, कापूस वेचला. बाबा गेल्यावर वावराच्या कागदावर नाव बदलताना, म्हणजे फेरफार करताना, आम्हा बहिणींकडून हक्कसोड घेतलं, तिचाही अंगठा घेतला. विधवेचा वाटा १९५६ पासून कायद्यात आहे, मुलींचं २००५ साली पक्कं झालं, मला हे सगळं ठाऊक होतं, तरी माहेर तुटू नये म्हणून सही केली. ते मनातून जातच नाही. तुमच्याकडे काय आहे ते खरंखरं लिहा.

सेतूवाला, आर्वीकडचा
ताई, माझ्याकडे रोज दोनचार आज्या येतात. हयातीच्या दाखल्याला, नाहीतर पैसे काढायला. पऱ्हाटीत वेचून वेचून बोटं इतकी घासली की मशीनवर ठसाच उमटत नाही, पाणी लावा, पुसा, दुसरं बोट द्या, पाचसहा वेळा. कोणाचं आधारवर वय आठ-दहा वर्षं कमी लागलं म्हणून श्रावणबाळमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनमध्ये, बसत नाही, तिथे ६५ पूर्ण लागतात अन् जन्माचा कागद तर एकीकडेही नसतो. त्यात उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची. पोराच्या नावानं पाच एकर आहे म्हणून बुढी कागदावर श्रीमंत ठरते, अन् तो पोरगा चहापत्तीला पैसे देत नाही.

नात टाइप करतेय, आजी सांगते तसंच
माह्या बापानं लग्नात एकदाणी घातली होती. ती मोडून बैलजोडी घेतली. बैल बुढ्याचे, वावर बुढ्याचं, इहीरबी त्याच्याच नावावर. मी लोकाच्या वावरात निंदाले जाओ, बाईले दीडशे अन् मानसाले तीनशे, आमी मानसाआधी जाओ अन् मांगून येओ तरी. आता हात चालत नाई त कोनी बलावतबी नाई. नातीनच्या लग्नात एक साडी घ्याची होती मले माह्या पैशाची, तेवढंच मनात होतं, ते राहूनच गेलं.

वरोऱ्याकडून
आमच्या काकूला लाडकी बहीणचे १५०० येत होते, ६५ झाली अन् बंद. तिथे घरचं उत्पन्न अडीच लाखापर्यंत चालत होतं, श्रावणबाळला २१,००० च्या आत पाहिजे. मग लाखभर उत्पन्नाच्या घरातल्या बाईनं वय झाल्यावर कुठं जायचं?

एक शेतकरी, हिंगणघाट
आमच्याकडे उलटं झालं म्हणून लिहितो. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती चालवली होती, बायकोच्या नावानं वावर करून द्या म्हणून. आमच्या बाबांनी दोन एकर आईच्या नावावर केलं. लोक हसले, भावकीनं तर बोलणंच सोडलं होतं. आज बाबा नाहीत. आई ७४ ची आहे, पीककर्जाच्या कागदावर स्वतः सही करते, पीएम किसानचे २००० वर्षातून तीनदा तिच्याच खात्यात येतात. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली ठेवते. वावरात यंदा तूर लावायची की सोयाबीन हे मी तिला विचारतो, विचारावंच लागतं. माझ्या बायकोच्या नावानं मात्र अजून काही केलं नाही, हे लिहिता लिहिता ध्यानात आलं.

धागा काढणारी
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आज भावाला फोन केला, आधी रागावला, मग म्हणाला सोमवारी आईला तालुक्याला नेऊन तिचं खातं काढतो. वावराचं बोलायची हिंमत झाली नाही. राखीला जाणार आहे, तेव्हा समोर बसून बोलते.