मदत हवी आहे: ‘सोशल इकॉलॉजी’ला मराठीत काय म्हणावं?

नंदुरबारमधल्या अभ्यासगटासाठी कुर्दांच्या पर्यावरण चळवळीवर टिपण लिहितोय. सरदार सरोवरात गावं गेलेली मंडळी समोर असतील, म्हणून सुरुवात तुर्कस्तानच्या कुर्दबहुल भागातल्या हसनकेयफपासून केलीय. तैग्रिस नदीकाठचं हे प्राचीन गाव इलिसू धरणाखाली गेलं. २००९मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने कर्जहमी काढून घेतली, तरी धरण झालंच. २०१७मध्ये झैनेल बे या पंधराव्या शतकातल्या राजपुत्राची सुमारे ११०० टनांची कबर चाकांच्या गाडीवर चढवून दोन किलोमीटर लांब नेली, आणि २०१९मध्ये पाणी भरायला लागलं. एवढं सांगितलं की आपल्याकडे बाकी काही समजवावं लागत नाही.

अडलंय पुढे. कुर्द चळवळीचे नेते अब्दुल्ला ओजालान यांनी तुरुंगात अमेरिकन विचारवंत मरे बुकचिन वाचले आणि ‘सोशल इकॉलॉजी’ चळवळीच्या विचारात आली. माणसाने माणसावर गाजवलेल्या सत्तेतूनच निसर्गावर सत्ता गाजवायची कल्पना येते, हा तिचा गाभा. ‘सामाजिक पर्यावरणशास्त्र’ लिहून पाहिलं, ते विद्यापीठातला पेपर वाटतं. ‘सामाजिक परिसरवाद’ वाचून दोघांनी विचारलं, म्हणजे सोसायटीतली झाडं का? ‘सामाजिक पर्यावरणवाद’ त्यातल्या त्यात बरा, पण त्यात सत्तेचा मुद्दा दिसतच नाही.

शब्दकोश आणि विश्वकोश पाहून झालेत. इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवायचा नाहीये, कारण टिपण मोठ्याने वाचलं जाणार आहे आणि ऐकणाऱ्यांत शाळा अर्धवट सुटलेलेही आहेत. तळटिपा चालणार नाहीत. मराठीत कुणी आधी एखादा शब्द रुळवलाय का? नसेल तर शब्दाऐवजी एका ओळीत हे कसं सांगाल?