अनुभव धागा : दुब्रोव्हनिक – तट, बेटं आणि आसपासचा किनारा

क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक ज्यांनी नीट पाहिलंय किंवा जे तिकडे राहतात त्यांनी इथे लिहावं. 'अप्रतिम आहे, नक्की जा' एवढंच नको. कुठून चढायचं, किती वाजता, काय फसतं, ते हवं. सुरुवात तटापासून करतो.

तट म्हणजे जुन्या शहराभोवतीची दगडी भिंत. तिच्यावरून फेरी १९४० मीटरची, एकेरी, घड्याळाच्या उलट दिशेने. चढायला तीन जागा: पिले दरवाजा, प्लोचे दरवाजाकडची बाजू आणि बंदरावरचा सेंट जॉन किल्ला. गर्दी पिलेला, कारण बस तिथेच सोडते. पण पिलेहून निघालात तर आधी समुद्राकडचा भाग होतो आणि मिंचेता बुरुजाचा चढ शेवटी, ऊन तापल्यावर येतो. प्लोचेकडून चढा. चढ पहिल्यांदाच उरकतो, मग बहुतेक उतार. वर सावली जवळजवळ नाही. उन्हाळ्यात सकाळी आठला उघडतात तेव्हाच दारात असावं, नाहीतर थेट संध्याकाळी, बंद व्हायच्या दोन तास आधी. मधल्या वेळात क्रूझवाल्यांचे जथे असतात. ग्रूझ बंदरात कोणत्या दिवशी किती जहाजं लागणार याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं; ते पाहूनच तटाचा दिवस ठरवा.

वरून कौलं नीट बघा. फिकट, डागाळलेली ती जुनी. भडक केशरी ती १९९१-९२ च्या युद्धातल्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली. भडक किती जास्त आहेत ते पाहिलं की वेगळं काही वाचावं लागत नाही.

– पुण्याहून

वर तिकिटाचं राहिलं. २०२५ च्या हंगामात तटाचं तिकीट ४० युरो होतं, आणि एका दिवसाच्या शहर-पासची किंमतही जवळपास तेवढीच. पासात तट, काही संग्रहालयं आणि शहर बस येते, त्यामुळे नुसतं तटाचं तिकीट घेण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात दर बरेच उतरतात. लोव्रियेनाट्स किल्ला तटाबाहेर, ३७ मीटर उंच खडकावर आहे, पण तोही यातच होतो. तिथे भिंतींची जाडी मुद्दाम बघा: समुद्राकडे १२ मीटरपर्यंत, शहराकडे जेमतेम ६० सेंटिमीटर. किल्लेदार फितूर झालाच तर शहरातून तोफा डागून भिंत पाडता यावी, हा हिशेब. तेव्हा दुब्रोव्हनिक स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, आणि त्यात कुणावरच फार विश्वास टाकत नसत. प्रमुखाची मुदतसुद्धा एकाच महिन्याची.

राहायची जागा घेताना घरमालकाला एकच प्रश्न विचारा: पायऱ्या किती? जुनं शहर वाटीसारखं आहे. मधला मुख्य रस्ता, स्त्रादून, सपाट, पण दोन्ही बाजूंच्या गल्ल्या म्हणजे जिनेच, आणि आत गाडी येत नाही. गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर तटाबाहेर लापाद किंवा ग्रूझ भागात राहा आणि बसने पिलेला या. बसचं तिकीट चालकापेक्षा टपरीवर स्वस्त मिळतं. चढल्यावर यंत्रात लावायला विसरू नका, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड. आणि चपला बदला: स्त्रादूनची फरशी इतकी घासलीय की पावसात तिच्यावर पाय ठरत नाही.

– म्युनिकहून

व्हिसावर कुणी लिहिलं नाही आणि भारतीय पासपोर्टवाले नेमके तिथेच अडकतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर दुब्रोव्हनिकहून मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरची एक दिवसाची सहल विसरा. बाहेर पडाल, परत येता येणार नाही. बोस्नियातल्या मोस्तारचंही तेच. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागा. दुसरी खोच स्प्लिटहून येताना. मध्ये बोस्नियाचा नेउमचा पट्टा किनाऱ्यापर्यंत आलाय. जुलै २०२२ पासून पेल्येशाट्स पूल झाल्याने तो टाळता येतो, पण मोबाइलचा नकाशा कधी कधी जवळची वाट म्हणून नेउमवरूनच नेतो, आणि काही बसही तिकडून जातात. तिकीट काढण्यापूर्वी मार्ग विचारा.

– दुबईहून

बेटं. लोक्रुमची होडी जुन्या बंदरातून, पाव तासाचा प्रवास. तिकिटातच बेटाचा प्रवेश. मुक्काम करता येत नाही, सिगारेटला बंदी, शेवटच्या होडीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. मोर अंगावर येतात, पिशवीतलं खाणं पळवतात. आतल्या खाऱ्या तळ्यात, म्हणजे 'मृत समुद्रात', पोरांना डुंबायला बरं. आग्नेय टोकाला विवस्त्र पोहणाऱ्यांचा किनारा आहे, पाटी दिसली की कुटुंबकबिल्याने मागे फिरावं.

बाकी किनारे बहुतेक गोट्यांचे किंवा खडकाळ, पाण्यात समुद्री साळिंदर. रबरी बूट न्याच, काटा पायात मोडला की निघता निघत नाही. वाळूच हवी तर ग्रूझहून फेरीने लोपुदला जा. धक्क्यापासून बेट ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर पायी वीस-पंचवीस मिनिटं. युगो म्हणजे आग्नेयेचा दमट वारा सुटला की होड्या रद्द होतात. वारा जोरात असेल तर स्र्ज डोंगराची केबल कारही थांबते, त्यामुळे ४१२ मीटरवरचा सूर्यास्त शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

– ठाण्याहून

गोवेकरांसाठी थोडं. दुब्रोव्हनिकचा रक्षक संत व्लाहो, म्हणजे आपला सां ब्राझ. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला त्याचं चर्च आहे आणि त्याचा संबंध दुब्रोव्हनिकहून आलेल्या सोळाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांशी सांगतात. इथे त्याचा सण ३ फेब्रुवारीला. त्याच्या चर्चमधल्या चांदीच्या मूर्तीच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे, तीही १६६७ च्या भूकंपाआधीच्या शहराची. आज दिसणारी स्त्रादूनवरची एकसारखी घरं भूकंपानंतरची.

– मडगावहून

शाकाहारींनी काळा रिसोतो मश्रूमचा समजून मागवू नये, ती माकुळाची शाई असते. साध्या रिसोतोतही माशाचं पाणी असू शकतं, विचारूनच घ्या. हमखास मिळणारं म्हणजे ब्लित्वा: पालकासारखी पालेभाजी आणि बटाटा, लसूण-ऑलिव्ह तेलात. रोझाता या कस्टर्डसारख्या गोड पदार्थात अंडं असतं. मासे खाणाऱ्यांनी मात्र अर्धा दिवस काढून स्तोनला जावं, गाडीने तासाभराची वाट. साडेपाच किलोमीटर तट उरलाय, खाली मिठागरं, आणि तटावरून डोंगर ओलांडला की माली स्तोन हे गाव. तिथले कालव तिथेच, लिंबू पिळून खायचे. मार्चच्या आसपास सर्वांत भरलेले.

पाणी विकत घेऊ नका, पिलेच्या आतल्या ओनोफ्रिओच्या कारंज्याचं पिण्याजोगं आहे. आणि २०२३ च्या कायद्याने दुकानांना वर्षातले १६ रविवारच उघडायची मुभा आहे. दूध-पाव, फळं शनिवारीच आणून ठेवा.

– नाशिकहून