प्रतिसाद: दुरुस्ती आतूनच सुरू झाली होती

विसाव्या शतकातल्या आधुनिकतावादी वास्तुकलेने निसर्गाकडे पाठ फिरवली आणि आता इमारतींतले सेन्सर व झाडांनी झाकलेल्या हिरव्या भिंती ती चूक सुधारताहेत, असा सूर या विषयावरच्या चर्चेत दिसतो. मला हे अर्धंच पटतं.

आधुनिकतावादाचा अग्रणी वास्तुकार ल कॉर्बूझिए याची पॅरिसमधली 'सिते द रफ्यूज' (१९३३) ही बेघरांसाठीची निवारा-इमारत घ्या. दक्षिणेला अखंड बंद काच, पण नियोजित शीतयंत्रणा बसलीच नाही. उन्हाळ्यात आत राहणं असह्य झालं, पुढे उघडणाऱ्या खिडक्या आणि सूर्यरोधक पट्ट्या लावाव्या लागल्या. मात्र त्याच दशकात आखलेल्या रिओच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत (तिथेही तो सल्लागार होता) उत्तरेकडच्या दर्शनी बाजूला हलवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या आल्या. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून. सूर्याचा कोन पाहून दर्शनी भाग रचणं हा आजच्या संगणकीय सिम्युलेशनचाही (इमारतीत ऊन-उष्णता कशी येईल याच्या आधीच केलेल्या हिशोबाचा) गाभा आहे. फक्त आता वर्षभराचा हिशोब मिनिटांत होतो.

मनोऱ्यांवर झाडं लावण्यापेक्षा मला फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या ग्राँ पार्क या वसाहतीचं नूतनीकरण अधिक मोलाचं वाटतं. तिथे लाकातों-वासाल या वास्तुकार जोडीने आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकातली ५३० घरं पाडली नाहीत. बाहेरून नवे स्लॅब जोडून प्रत्येक घराला काचेची, उघडता येणारी खोली दिली. हिवाळ्यात ती ऊब धरते. रहिवासी कामादरम्यान घरातच राहिले. जुनं काँक्रीट वाचलं, म्हणजे ते बनवताना झालेलं उत्सर्जनही वाया गेलं नाही. सिम्युलेशन सगळ्यात आधी वापरायचं ते इथे, पाडकामाचा निर्णय होण्यापूर्वी.